आवणीचा कांदा

नकुशी आमच्या नववीच्या वर्गात आली त्या दिवशी तिला बसायला जागा नव्हती. म्हणजे बाकांवर जागा होती, पण ती दारातून आत शिरताच ज्यानं-त्यानं आपलं दप्तर शेजारी आडवं टाकलं आणि "भरलंय, भरलंय" सुरू केलं. एस्टीत रुमाल टाकतात तसं. मी माझं दप्तर उचललं आणि तिला हाक मारली. मी फार भली म्हणून नव्हे. आमच्या बाकावर आधीच तिघी होतो आणि चौथी आली की कडेची सुषमा खाली पडणार, ते मला बघायचं होतं. पडलीच. सगळा वर्ग हसला, सुषमापण हसली, आणि नकुशी एवढी घाबरली की तीच उठून खाली फरशीवर बसायला लागली.

"बस गं," मी म्हटलं, "ही रोजच पडती."

"व्हय, मला सवय हाय," सुषमा फ्रॉक झाडत म्हणाली.

तेव्हापासून आम्ही चौघी एका बाकावर. एकीनं लिहायला कोपर उचललं की बाकीच्या तिघींनी दम धरायचा.

नकुशीचं गाव वर डोंगरात, खेडच्याही पलीकडं. तिथं धरण झालं, गाव पाण्यात गेलं, आणि त्यातली काही घरं सरकारनं ट्रकात घालून आमच्या मांडवगणच्या शिवारात, कालव्याच्या अंगाला आणून उतरवली. पत्र्याच्या खोल्या, एका ओळीत. दुपारी आत बसलं तर माणूस भाजून निघे. म्हणून सगळी वसाहत खोल्यांच्या सावलीत बाहेर बसायची आणि सावली सरकेल तशी सरकायची. गावातली माणसं रस्त्यानं जाताना बघायची आणि म्हणायची, "ही धरणवाली बघावं तवा बसल्यालीच." त्यातलं कुणी आत डोकावलं नव्हतं. मी एकदा डोकावले. अभ्यासाला म्हणून गेले आणि पाढा म्हणून व्हायच्या आत घामानं न्हाऊन बाहेर पळाले. नकुशीची आई, रंगुमावशी, हसत म्हणाली, "आमचं घर कौलारू व्हतं गं बाय. वर आंबा. आत दिवसा दिवा लावावा लागायचा, एवढं गार."

त्यांना मिळालेली जमीन तरी कुणाची? आमच्याच गावातल्या मोठ्या खातेदारांची, कायद्यानं काढून घेतलेली. नकुशीचे वडील कोंडिबामामा, त्यांच्या वाट्याला आलेला तुकडा हौसराव आबांचा. आबांच्या रानाला लागूनच, मध्ये फक्त एक बांध. त्या बांधाशेजारून आबा राजदूत फटफटी घेऊन जाताना मान दुसऱ्या बाजूला वळवायचे. एकदा मान वळवण्याच्या नादात पाटात गेले, पण वळवायचं सोडलं नाही.

त्यांचा मुलगा सत्यजीत आमच्याच वर्गात. नकुशी दिसली की तो वाकून मुजरा करायचा. "आली बघा, आमच्या रानाची मालकीण!"

मालकिणीच्या रानात त्या पावसाळ्यात काहीच आलं नव्हतं. डोंगरात घ्यायचे तशी त्यांनी नाचणी टाकली, आणि आमच्या काळ्या चिकट रानात पाणी तुंबून ती बसल्या जागी पिवळी पडली. तेव्हापासून तुकडा मोकळाच.

एकदा सरांनी आपापल्या गावाचा नकाशा काढायला सांगितला. नकुशीनं हात वर केला. "कंचं गाव, सर?"

वर्ग फिसफिसला. सर म्हणाले, "तुझं."

तिनं खाली मान घालून नदी काढली, देऊळ काढलं, शाळा, पार, आंबे, आणि प्रत्येक घर वेगवेगळं. आमच्या सगळ्यांच्या नकाशात घरं म्हणजे नुसते चौकोन. तिच्या नकाशात कुणाच्या दारात गोठा ते कळत होतं. सरांनी कागद हातात घेऊन विचारलं, "हे गाव आता कुठं आहे गं?"

"तिथंच हाय, सर," नकुशी म्हणाली. "वर नुसतं पाणी आलंय."

मागून सत्यजीत खो-खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी तो कागद भिंतीला चिकटवला, तालुक्याच्या नकाशाशेजारी.

दिवाळीनंतर नकुशी बाकावर गप्प गप्प राहायला लागली. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "बा म्हनतो, वर जाऊ."

"वर कुठं?"

"धरनाच्या काठाला. चुलता तिथं झोपडं बांधून राहिलाय. मासं धरतो. बा म्हनतो, हितं रान पिकत नाय, कुनी कामाला घेत नाय. आईला टोळीत काम लागलं तर राहू, नायतर कांद्याच्या लागणी सरायच्या आत निघू."

"आन् तुझी शाळा?"

तिनं खांदे उडवले. "वर शाळा नाय."

आता टोळी म्हणजे काय, तर आमच्या भागात कांदा लावायला बायांची टोळी लागते. एक मुकादमीण असते, ती शेतकऱ्याकडून रान उक्तं, म्हणजे ठोक रकमेला, घेते आणि बायांना घेऊन लावून देते. आणि आमच्या गावची मुकादमीण कोण? गिताबाई. माझी आई!

मी त्याच दिवशी घरी जाऊन आईपुढं उभी राहिले. ती चुलीपुढं होती. आमचं घर धनगराचं. बिरदेवकाका अजून मेंढरं घेऊन खाली-वर करतो, पण वडील जमिनीला चिकटले आणि आई कांद्याला.

"आई, तुझ्या दोन बाया कारेगावला खोली करून कंपनीत गेल्या. रंगुमावशीला आन् तिच्या बायांना घे की."

"बाया ऐकायच्या न्हाईत."

"का?"

"धरणवाल्या म्हणून. पार्वतीबाई तर म्हणती, तसल्या आल्या तर मी उठून जाती."

"तू लगीन होऊन आलीस तवा मेंढरामागची म्हणून ह्याच पार्वतीबाईनं तुला हापशावर घागर लावू दिली न्हवती. तूच सांगितलंस. आन् त्यांना कांदा न्हाई तर काय झालं, भाताची आवणी त्या जन्मापासनं करत्यात. रोप लावायचं ते रोपच की!"

आईनं फुंकणी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. "वक्तृत्वात नंबर आल्यापासनं तोंड लई सुटलंय तुझं, मोने."

पण हसली. आणि हसली म्हणजे काम झालं.

त्या वर्षी कांद्याचं रोप म्हणजे सोनं होतं. परतीच्या पावसानं सगळ्यांची रोपं वाफ्यातच कुजली होती. फक्त हौसराव आबांचं वाचलं, कारण साखरबाईनं, म्हणजे आबांच्या मालकिणीनं, पेटीतली जुनी लुगडी-पातळं काढून वाफ्यांवर मांडव घातला होता. अख्खं गाव ते बघायला गेलेलं. तेच रोप शनिवारी आबांच्याच रानात, वरच्या आणि खालच्या अशा दोन पट्ट्यांत लावायचं होतं आणि ते सगळं काम आईनं उक्तं घेतलं. वरची पट्टी जुन्या बायांना, खालची रंगुमावशीच्या बायांना. कारण पार्वतीबाई आणि मंडळींनी तेवढं निक्षून सांगितलं होतं, "घ्यायच्या तर घे बाई, पर आमच्या रांगेत नको."

शनिवारी शाळा सकाळची. सुटल्यावर मी आणि नकुशी तशाच रानात पळालो. आणि काय बघितलं!

वरच्या पट्टीत आईची टोळी नेहमीसारखी उकिडवी बसून, अंगठ्यानं एकेक काडी दाबत पुढं सरकत होती. खाली मात्र रंगुमावशीच्या बाया कासोटा मारून, गुडघे ताठ, कमरेत वाकून, चिखलातून उलट्या मागं मागं चालल्या होत्या. डाव्या हातात रोपाची जुडी, उजवा हात सुईसारखा खालीवर. तोंडानं एकीचं गाणं आणि बाकीच्यांची झील. त्या मागं सरकतील तसं समोरचं रान हिरवं होत चाललं होतं.

साखरबाई चहाची किटली घेऊन बांधावर उभी होती. "अगं बया बया! ह्यांची बघा पट्टी कुठवर आली, आन् तुमची, पार्वतीबाई? कोंबड्या बसल्यात जणू अंड्यावर."

पार्वतीबाईनं नाक मुरडलं. माझी मान एवढी ताठ झाली की विचारू नका. मी आईला म्हटलं, "बघितलंस? मी काय म्हटलं व्हतं?"

तेवढ्यात खालून रंगुमावशीनं हाक दिली. "रोप सरलं! आनखी द्या!"

आबा बांधावर विडी ओढत बसले होते. ते उठले. "सरलं? सरलं कसं? अख्ख्या पट्टीचं रोप दिलंय तुमाला!"

पट्टी तर अजून निम्मीसुद्धा लावून झाली नव्हती. पलीकडं सगळे वाफे भिजवलेले, मोकळे. आबा धोतर वर खोचून चिखलात उतरले आणि खाली बसून त्यांनी एक काडी उपटली. एक नव्हतीच ती. चार होत्या. दुसरीकडं उपटली, तिथं तीन.

"हे काय?"

"चूड," रंगुमावशी म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता. "तीन-चार काड्यांची चूड करून लावायची. एकटी काडी धरत नाय."

भाताला तसंच करतात. चार काड्या एकत्र रोवल्या की त्यांना फुटवे फुटून जोमदार बुंधा होतो. पण कांदा! कांद्याला एका जागी एकच काडी, नाहीतर गड्डा धरायला जागा कुठली?

वरच्या पट्टीत आधी एक हसली, मग सगळ्या. पार्वतीबाई तर हसता हसता मागंच पडली. "अगं माझे आई! कांद्याचा भात करत्यात गं!"

आबा हसले नाहीत. त्यांचा आवाज फाटला. "माझं रान घेतलं, गप बसलो! सरकारचा कायदा म्हटलं! आता माझं रोप बी मातीत घातलं? आख्ख्या तालुक्यात रोप न्हाई! निघा! निघा माझ्या रानातनं!"

गाणं बंद पडलं होतं. रंगुमावशीचे हात कोपरापर्यंत चिखलात माखलेले होते, आणि ते कुठं ठेवावेत हे तिला कळेना. पदराला पुसायला गेली, पदर खराब होईल म्हणून थांबली. शेवटी तसेच अंगापासून दूर धरून उभी राहिली. पाटाचं पाणी वळवायला म्हणून कोंडिबामामा आले होते. त्यांनी खांद्यावरचं फावडं खाली टेकवलं आणि एवढंच म्हणाले, "चला गं. उद्या निघू वर."

नकुशी माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. दप्तर उचललं आणि आईकडं चालायला लागली. आणि मी, जिचं तोंड फार सुटलेलं, आईच्या पाठीमागं सरकले.

आईच बोलली. "आबा, चूक माझी हाय. मी दाखवलंच न्हाई."

"का न्हाई दाखवलं? मुकादमीण न्हवं तुमी?"

"रांग येगळी लावली ना." आईनं मागं वळून टोळीकडं बघितलं. "एका रांगेत असत्या तर पयल्या वाफ्यातच दिसलं असतं. ह्या शेजारी बसंनात."

टोळीतलं हसणं जरा कमी झालं. पार्वतीबाई पायातला काटा शोधायला लागली.

रंगुमावशीनं वाकून एक चूड उपटून बघितली. "दादा, चिखल अजून ओला हाय. मुळी धरलेली नाय. चूड उपटून एकेक काडी मोकळी केली तर रोप पुन्यांदा लागंल."

"आन् करणार कोण? संध्याकाळच्या आत? उद्या वरचा थर वाळला की उपटताना तुटतंय सगळं! हाताला मानसं कुठंयत?"

मानसं कुठंयत! मला एकदम आठवलं, मानसं कुठं आहेत ते. मी चप्पल तिथंच टाकली आणि पळत सुटले.

शाळेच्या मैदानावर नेहमीप्रमाणं क्रिकेट चाललं होतं, कडेला सुषमा आणि बाकीच्या पोरी बघत बसल्या होत्या. सत्यजीत बॅटिंगला. मी सरळ खेळपट्टीवर जाऊन स्टंपपुढं उभी राहिले.

"ए मोनिके, सरक! बॉल लागंल!"

"लागू दे. सत्या, तुझ्या आईच्या लुगड्यांखाली वाचलेलं रोप चाललं मरायला." मग मी भडाभडा सगळं सांगितलं. पोरांना आधी चुडीचं हसू आलं. हसून घेऊ दिलं. मग म्हटलं, "रान तुझ्या बापाचं. हसायचं तर तिकडं येऊन हस."

"आमी काय बाया हाय व्हय कांदा लावायला?"

"न्हाई जमायचं म्हणा की सरळ. सुषमा आन् आमी पोरी एका बाजूनं लागतो, तुमी दुसऱ्या बाजूनं. कोण पयलं पोचतंय बघू. का भ्या वाटतंय?"

सत्यजीतनं बॅट फेकली. "चला रे!"

रानात पोचलो तोवर धरणवाल्या बाया कुणी काही सांगायची वाट न बघता पुन्हा वाकल्या होत्या. आबा बांधावर पाठ करून बसलेले, हाकलत नव्हते आणि बघतही नव्हते. आई खाली उतरली होती. मागनं बारा-पंधरा पोरं-पोरी धाडधाड चिखलात शिरल्यावर मात्र आबा उठलेच. "ए, ए! तुडवताय काय रोप!"

"आबा, गप," साखरबाई म्हणाली. नवऱ्याला आबाच म्हणायची ती. "पोरगं आयुष्यात पयल्यांदा रानात शिरलंय, त्याला हाकलू नका. मी भेळ कालवती."

आता दाखवायचं कुणी? रंगुमावशी पोरांपुढं बोलायला लाजली. म्हणून नकुशी पुढं झाली. वर्गात तोंड न उघडणारी नकुशी! तिनं दोन बोटं चुडीच्या बाजूनं चिखलात खुपसली, चूड अलगद वर उचलली, पाण्यात झटकली, चार काड्या सुट्या केल्या, एक जागेवर रोवली आणि तीन घमेल्यात. सगळं एका दमात.

"हिसका द्यायचा नाय," ती म्हणाली. "मुळी तुटंल. सत्यजीत, तू हिसका देतोयस."

सत्यजीतनं मुकाट्यानं पुन्हा केलं.

पहिला वाफा होईस्तोवर सगळ्यांचा दंगा. दुसऱ्याला बोलणं कमी झालं. तिसऱ्याला माझी कंबर अशी भरून आली की उभं राहवेना नि वाकवेना. उलटं चालून बघावं म्हणून मी मागं पाय टाकला आणि सपशेल चिखलात बसले. मला हसताना सुषमा पडली, पण तिचं सोडा, तिला सवयच. उन्हानं डोकं तापलं होतं आणि पाय गार पडले होते. नखांत चिखल जाऊन ठणकत होतं.

सत्यजीत नकुशीच्या शेजारच्या वाफ्यात होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "तुमच्यात सगळेच असं उलटं चालत्यात व्हय?"

"लावलेलं तुडवू नये म्हणून."

"गावाकडं तुमचं किती रान व्हतं?"

"डोळ्यापुढं येईल तेवढं नव्हतं. पर आमचं व्हतं."

"मग परत का न्हाई जात?" हे तो रोजच म्हणायचा, चिडवायला. या वेळी मात्र तो नुसतंच विचारत होता.

नकुशीनं चूड झटकली. "कुठं? शाळेत आता मासं बसत्यात. पयलीच्या वर्गात लहान, सातवीत मोठं."

सत्यजीत हसला. मीपण हसले. नकुशी स्वतःच हसत होती. मग सत्यजीतचं हसू मध्येच कुठंतरी गेलं आणि तो बराच वेळ खाली बघून काड्या सोडवत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "आमचा बा चार एकर गेली म्हणून अजून जेवताना बोलतोय. तुमचं तर..."

"हितली काडी वाकडी लावलीस," नकुशी म्हणाली.

उन्हं उतरायला लागली तशी वरची पट्टी संपवून जुन्या बाया निघाल्या. आईनं कमरेवर हात ठेवून त्यांची वाट अडवली. "ज्यांच्या चुकीनं झालंय त्यांनी खाली उतरायचं. मी उतरलीय."

एकेक उतरली. पार्वतीबाई सगळ्यात शेवटी, पुटपुटत. आणि जागा उरली ती नेमकी रंगुमावशीच्या शेजारची. पार्वतीबाई उकिडवी बसली. रंगुमावशी वाकून उभी.

"आवं, उभ्यानं कंबर न्हाई का धरत?" पार्वतीबाईला राहवेना.

"बसून गुडघं नाय का धरत?" रंगुमावशी म्हणाली.

"धरत्यात की! रातभर झोप न्हाई."

"मग उभ्या ऱ्हा."

पार्वतीबाई कण्हत उभी राहिली, वाकली, दोन पावलं मागं गेली आणि ओरडली, "अगं आई गं! ह्ये तर नाचकाम हाय!" पण बसली नाही. जाता जाता रंगुमावशीच्या हाताकडं बघून म्हणाली, "आन् काडी अशी नुसती टोचू नका. बाजूनं अंगठा द्या. हां. अस्सा." थोड्या वेळानं वरच्या बायांनी मघाचं गाणं पुन्हा म्हणायला सांगितलं. झील कुठं धरायची ते कळेना म्हणून सगळ्या चुकीच्या जागी धरत होत्या.

पोरं जिंकली का पोरी, ते शेवटी कुणी बघितलंच नाही, कारण दोन्हीकडच्या रांगा मध्ये गाठ पडून एकमेकींत घुसल्या होत्या. दिवस मावळता मावळता शेवटचा वाफा भरला. आणि घमेल्यांत अजून रोप उरलं होतं, बायांनी त्याच्या दोन मोठ्या पेंढ्या बांधल्या! थोडं कुजेल, थोडं मरेल म्हणून आबांनी सुरुवातीलाच जादा टाकलेलं होतं.

आबा बांधावर आले. लावलेल्या पट्टीकडं बघितलं. मग कितीतरी महिन्यांनी त्यांनी मान दुसऱ्या बाजूला वळवली नाही. बांधापलीकडच्या कोंडिबामामांच्या मोकळ्या रानाकडं बघत राहिले. तिथं हरळी माजली होती.

"त्या रानात लई कांदा येतो," ते म्हणाले, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "माझ्या हातात व्हतं तवर एक हंगाम मोकळं ठेवलं न्हाई मी. कोंडिबा!"

कोंडिबामामा फावडं घेऊन उभे राहिले.

"ह्या पेंढ्या उचला. नांगरट करून घ्या, बैल माझे न्या. दोन-तीन दिस रोप टिकतंय ओल्या पोत्यात. लावा."

"आमी उद्या निघालोय, आबा."

"आन् त्या रानाचं काय? तसंच ठेवणार?" आबा खवळलेच. "मी लावू म्हणता? मला सरकारनं बांधापलीकडं पाय टाकायला मनाई केलीया! माझं तर ते ऱ्हायलं न्हाई, तुमचं बी न्हाई, मग काय हरळीचं हाय का ते?"

कोंडिबामामांनी रानाकडं बघितलं. त्यांच्या तोंडून उत्तर यायच्या आत रंगुमावशीनं वाकून दोन्ही पेंढ्या काखेत मारल्या आणि विचारलं, "पानी कवा देतात पयलं?"

"लावल्या लावल्या," आबा म्हणाले. "आन् एकेक काडी!"

"एकेक काडी," रंगुमावशी म्हणाली. आणि पार्वतीबाईसकट सगळ्या हसल्या, पण ते हसणं दुपारचं नव्हतं.

सोमवारी सरांनी "उभे राहा" म्हटलं तर अर्धा वर्ग कमरेत वाकलेलाच उभा राहिला. सरांना वाटलं आम्ही त्यांची थट्टा करतोय. सत्यजीतनं आपल्या बाकावरचं दप्तर उचललं आणि नकुशीला म्हणाला, "हितं जागा हाय, हवी तर." नकुशी म्हणाली, "नको. सुषमा पडायची राहील." मग त्यानं नुसतंच दप्तर खाली ठेवलं आणि वर्षभर तिथं ती जागा मोकळी राहिली. पुढं वसाहतीतला एक मुलगा आला, तो बसला.

चैत्रात कांदे काढले. दोन्ही रानांचे एकदमच, कारण टोळी एकच होती आणि रांगही. कोंडिबामामांच्या कांद्याला आबा बांधावरूनच सूचना देत होते, पलीकडं पाय न टाकता, पण धोतराचं टोक पार पलीकडं लोंबत होतं.

आबांच्या पट्टीत पाटाच्या कडेला सत्यजीतनं पात ओढली आणि ओरडला, "ए, इकडं या!"

सगळ्यांच्या हातून निसटलेली एक चूड होती. एका मुळाशी चार कांदे. एकमेकांना दाबून दाबून वाढलेले, कुणाची पाठ सपाट, कुणाचं पोट चेपलेलं, पण चारही लालबुंद आणि टणक.

नकुशीनं हातात घेऊन फिरवून बघितलं. "ह्यो बघ, ह्यो कडंचा," ती मला म्हणाली. "पडायलाच झालाय. सुषमा ही."

आबांनी एक मुठीनं फोडला आणि भाकरीबरोबर तोंडात टाकला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. ते चावत राहिले, डोळ्यांत पाणी आलं, कांद्याचंच असणार.

"बाजारात कुणी घ्यायचं न्हाई असला," ते म्हणाले, आणि दुसरा उचलून कोंडिबामामांच्या हातावर ठेवला. "खायला बरा हाय."